चिऊ ऐकत नाही : कळव्यातल्या एका बालवाडीतलं प्रकरण

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एका बालवाडीच्या मुख्य बाईंचा फोन आला. "ताई, एकदा येऊन बघा. डाऊन सिंड्रोमची मुलगी आहे. जून बरा गेला, आता अजिबात ऐकत नाही."

मी विशेष शिक्षिका आहे. कळवा, ठाणे, ऐरोली या पट्ट्यातल्या बालवाड्यांतून मला असे फोन येतात आणि बहुतेक फोनमध्ये 'ऐकत नाही' हे शब्द असतातच. मराठीत त्यांचे दोन अर्थ होतात. या मुलीच्या बाबतीत आम्ही सगळ्यांनी, मी धरून, कितीतरी आठवडे त्यातला एकच अर्थ घेतला. दुसरा अर्थ समोर असून का दिसला नाही, ते नीट मांडावं म्हणून हे लिहिते आहे. घरच्यांना विचारून लिहिते आहे. मुलीला इथे चिऊ म्हणते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घर आणि फाईल

चिऊ तेव्हा सव्वाचार वर्षांची होती. घर खारेगावात, रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर. वडील रबाळ्याच्या एमआयडीसीत सीएनसी मशीनवर, शिफ्टची ड्युटी. आई बी.कॉम., चिऊच्या जन्माआधी घणसोलीला एका ऑफिसात होती. आजी पाटण तालुक्यातली, नात झाली तेव्हा चार दिवसांसाठी आली ती राहिलीच.

चिऊ झाली तेव्हा आई 26 वर्षांची होती. हे सांगायचं कारण, डाऊन सिंड्रोम म्हणजे उशिरा झालेलं मूल अशी समजूत घट्ट आहे. आईचं वय वाढतं तशी शक्यता वाढते हे खरं. चाळिशीत ती साधारण शंभरात एक इतकी होते. पण मुलं मुळात तरुण बायकांनाच जास्त होतात, त्यामुळे डाऊन सिंड्रोम असलेली बहुतेक बाळं तरुण आयांच्याच पोटी येतात. चिऊच्या जन्मानंतर तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना शंका आली, रक्त तपासायला गेलं, गुणसूत्रांचा अहवाल आला: 46 च्या जागी 47, एकविसाव्या जोडीत एक जास्त. सुमारे 95 टक्के मुलांमध्ये हाच प्रकार असतो. बहुतेक वेळा स्त्रीबीज तयार होताना पेशीचं विभाजन होतं, तेव्हाच ही जोडी वेगळी व्हायची राहते. कोणी काय खाल्लं, काय केलं याच्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. तरीही बिल्डिंगमधल्या एका बाईंनी ग्रहणात विळी हातात घेतल्याची आठवण काढली आणि आईने ती चार वर्षं उराशी बाळगली. नात्यातल्या एका वृद्ध डॉक्टरांनी 'मंगोल बेबी' म्हटलं. हा शब्द जॉन लँगडन डाऊन या ब्रिटिश डॉक्टरांच्या 1866 च्या लेखनातून आला. चेहऱ्याच्या ठेवणीवरून एका अख्ख्या लोकसमूहाचं नाव मुलांना चिकटवलं गेलं. खरं कारण 1959 मध्ये फ्रान्समध्ये जेरोम लेज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, पुढे मंगोलियाने हरकत घेतल्यावर जागतिक आरोग्य संघटनेनेही तो शब्द सोडला. आपल्याकडे तो अजून ऐकू येतो.

चिऊला हृदयाचा दोष होता. डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळपास निम्म्या मुलांना असतो. वरच्या आणि खालच्या कप्प्यांच्या मधोमध मोठं छिद्र. सातव्या महिन्यात शस्त्रक्रिया झाली. (खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात लहान मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया विनामूल्य होतात. पुष्कळ घरांना हे फार उशिरा कळतं, म्हणून मुद्दाम लिहिते.) त्यानंतर घराचं सगळं लक्ष त्या हृदयावर लागलं. ते चुकलं असं मी म्हणणार नाही. बाळ दूध पिताना निळं पडलेलं ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना दुसरं काय सुचणार?

आईने पहिल्या भेटीत फाईल आणली होती. जाड, तारखेनुसार लावलेली. इकोचे, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचे, सगळे अहवाल होते. थायरॉइडची शेवटची तपासणी दोन वर्षांपूर्वीची. कानांची एकच चिठ्ठी, जन्मानंतरच्या चाचणीची: दोन्ही कान 'पास'. ती चिठ्ठी मी पाहिली आणि पान उलटलं.

वर्गात काय चाललं होतं

बालवाडी एका इमारतीच्या तळमजल्यावर, दोन खोल्या, छोट्या गटात बावीस मुलं. बाई मनापासून शिकवणाऱ्या, मदतीला एक मावशी. डोक्यावर दोन पंखे, बाहेर रिक्षा, आणि दर काही मिनिटांनी लोकल.

तक्रारी अशा होत्या. बडबडगीतांच्या वेळी गोलातून उठून जाते. "बस" म्हटलं तर बसत नाही, "ये" म्हटलं तर येत नाही. मागून हात धरून बसवायला गेलं की अंग टाकून देते. दोनदा मुलांना चावली. गोष्ट चालू असताना खिडकीशी जाऊन उभी राहते. बाईंनी एक वाक्य मला दोनदा सांगितलं: "तिला कळतं सगळं, पण मनाची राणी आहे."

खिडकीची गोष्ट महत्त्वाची ठरली, कारण तिनेच आम्हाला चकवलं. लोकल आली की चिऊ टाळ्या वाजवायची. बावीस मुलांत पहिली तीच. ऐकण्याचा विषय निघाला की मावशी म्हणायच्या, "कान तर एकदम शाबूत. गाडीचा आवाज हिला सगळ्यांच्या आधी लागतो." घरी आईचाही तोच पुरावा: कुकरची शिट्टी झाली की स्वयंपाकघराकडे बघते.

आजी मात्र म्हणाल्या, "माझं ऐकते की ती. तुमचंच का ऐकत नाही?" बाईंनी माझ्याकडे पाहिलं. आजीच्या लाडाने पोर बिघडलं, असं त्या नजरेत होतं. आणि मी मनातल्या मनात मान डोलावली.

मग मी माझ्या नेहमीच्या वाटेने गेले. दिवसाचं वेळापत्रक चित्रांत लावलं: चप्पल, गोल, डबा, खेळ, घर. बसायला छोटी चौकट आखली. बसली की स्टिकर. चित्रांनी फरक पडला आणि मला बरं वाटलं, कारण डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांची डोळ्यांनी शिकण्याची ताकद कानांनी शिकण्यापेक्षा चांगली असते, हे आम्ही शिकलेलो असतो. हे खरंच आहे. पण या खऱ्या गोष्टीनेच मला पुढचा प्रश्न विचारू दिला नाही. तिला चित्रांची इतकी गरज का पडते आहे, जूनमध्ये का पडत नव्हती, हे मी विचारलं नाही. नावात उत्तर होतं, म्हणून शोधायचं राहिलं. बोलत नाही? डाऊन सिंड्रोम. लक्ष देत नाही? डाऊन सिंड्रोम. हट्टी आहे? ही मुलं असतातच तशी. एका नावाखाली सगळं झाकलं जातं ते असं.

आंधळी कोशिंबीर

गणपतीच्या सुट्टीआधीचा दिवस होता. पाऊस, म्हणून मुलांना इमारतीखालच्या पार्किंगमध्ये खेळायला आणलं होतं. आंधळी कोशिंबीर चालू होती. चिऊची पाळी आली, तिने हौसेने डोळ्यांवर रुमाल बांधून घेतला. मुलं सभोवार पांगली आणि हाका मारू लागली. "चिऊ, इकडे! चिऊ, मी इथे!"

चिऊ जागची हलली नाही. मान कुठल्याच बाजूला वळली नाही. दोन्ही हात पुढे, बोटं पसरलेली, आणि ती तशीच उभी. एक मुलगी अगदी मागून, हातभर अंतरावरून हाक मारत होती. काही क्षणांनी चिऊचा खालचा ओठ थरथरला, तिने रुमाल ओढून फेकला आणि समोर दिसलेल्या पहिल्या मुलाला जाऊन चावली.

बाई म्हणाल्या, "बघितलंत? असंच करते." मी बघितलं होतं. डोळे होते तोवर ती खेळात होती. डोळे झाकले आणि तिला खेळच उरला नाही.

त्याच दुपारी मी तिच्या मागे बसून हलक्या आवाजात तिच्या आवडीचं बोलले: "चिऊ, लाडू." काही नाही. दुसऱ्या बाजूने, तेच. आवाज बराच चढवला तेव्हा वळली. मग समोर येऊन, तोंड दिसेल असं, पहिल्याच हलक्या आवाजात म्हटलं, तर लगेच हात पुढे केला. हा घरगुती प्रयोग म्हणजे तपासणी नव्हे, यावरून कोणीही निदान करू नये. पण तपासणीला पाठवायला तो पुरेसा होता. आईला मी तिथेच सांगितलं, "मी हे पहिल्या आठवड्यात सांगायला हवं होतं. तुमच्या फाईलमध्ये होतं ते. माझं चुकलं." आई गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई, मी तिला दोनदा मारलं. ऐकत नाही म्हणून."

कानात काय होतं

कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पहिल्या फेरीत काहीच दिसलं नाही. या मुलांच्या कानाची नळी फार अरुंद असते, त्यात मळ घट्ट बसतो आणि साध्या बॅटरीने पडद्यापर्यंत नजर पोचत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली मळ काढल्यावर पडदा दिसला: निस्तेज, आत ओढलेला. पडद्याची हालचाल मोजणाऱ्या चाचणीत दोन्ही कानांची रेघ सपाट आली. म्हणजे पडद्यामागे, मधल्या कानात, घट्ट पाणी साचलं होतं. ऐकण्याची चाचणी खेळातून घेतली: आवाज आला की वाटीत मणी टाकायचा. चिऊने ती मन लावून केली. दोन्ही कानांत साधारण 40 डेसिबलची कमतरता निघाली.

एवढ्याने मूल बहिरं होत नाही आणि म्हणूनच फसगत होते. लोकल ऐकू येते, कुकरची शिट्टी ऐकू येते, कोणी रागावून ओरडलं तर तेही. पण खोलीच्या दुसऱ्या टोकाहून साध्या आवाजात बोललेलं कुजबुजीसारखं पोचतं, आणि पंखे चालू असले तर तेवढंही नाही. 'स', 'त', 'फ' असे हलके आवाज गळून पडतात. "बस" आणि "बघ" यांत काय फरक राहतो मग? बडबडगीतांच्या गोलात बावीस मुलं एकदम गात असताना तिच्यापर्यंत नुसती घरघर येत असणार. अशा गोलातून उठून खिडकीशी जाणारं मूल मला आता शहाणं वाटतं.

हे चिऊलाच झालं असंही नाही. डाऊन सिंड्रोम असलेल्या निम्म्याहून अधिक मुलांना लहानपणी कधी ना कधी हा त्रास होतो. नाकाच्या मागून कानाकडे हवा नेणारी नळी त्यांच्यात बारीक आणि लिबलिबीत असते, टाळूचे स्नायू सैल असतात आणि सर्दी वारंवार होते. जूनमध्ये बालवाडी, जुलैत बावीस मुलांची सर्दी, ऑगस्टमध्ये 'मनाची राणी'. क्रम डोळ्यांसमोर होता. जन्मानंतरची 'पास' चिठ्ठी त्या दिवसापुरती खरी होती. पाणी नंतर साचतं. म्हणून लहान वयात दर सहा महिन्यांनी, आणि मोठेपणीही वर्षातून एकदा, कान तपासायचे असतात. थायरॉइड वर्षातून एकदा, कारण तो मंद झाला तर मूल सुस्त होतं आणि तेही 'असंच असतं' या खात्यात जातं. चिऊचा थायरॉइड ठीक निघाला. डोळ्यांना नंबर निघाला, चष्मा आला, आणि तो तिने कोणी न सांगता दिवसभर घातला.

अंगणवाडीत असती तर हे आधी सापडलं असतं का? कदाचित. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात वैद्यकीय पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात, आणि जन्मजात व्याधींच्या यादीत डाऊन सिंड्रोम आहे. पुढच्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवतात. खासगी बालवाडीच्या दारात ते पथक येत नाही आणि तिथल्या पालकांना ते असतं हेच ठाऊक नसतं.

आजीची पद्धत

डॉक्टरांनी तीन महिने थांबायला सांगितलं, कारण हे पाणी पुष्कळदा आपसूक ओसरतं. नाही ओसरलं तर पडद्यात बारीक नळी बसवायची किंवा काही काळ श्रवणयंत्र द्यायचं. पण चार वर्षांच्या मुलीला तीन महिने म्हणजे केवढा काळ! तेवढ्यात वर्गात काय करायचं, याचं उत्तर शोधायला मी त्यांच्या घरी जाऊन बसले.

आजी चिऊशी कशा बोलतात ते तेव्हा पाहिलं. जमिनीवर बसतात. पोरीची हनुवटी दोन बोटांनी स्वतःकडे वळवतात. एका वेळी एकच गोष्ट सांगतात आणि हाताने दाखवतात: पाण्यासाठी अंगठा ओठांशी, संपलं की दोन्ही तळवे उलटे. सांगून झालं की थांबतात. भरपूर थांबतात, या मुलांना ऐकलेलं आत जाऊन उत्तर बाहेर यायला वेळ लागतो, आणि आपण तेवढ्यात तीनदा विचारून मोकळे होतो. माझ्या प्रशिक्षणात ज्याला खुणांसह बोलणं म्हणतात, ते पाटणच्या आजी कोणी न शिकवता करत होत्या. 'माझं ऐकते की ती' हे त्यांनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

आजींना दोन सकाळी वर्गात बोलावलं. बाईंना आधी अवघड गेलं, ते साहजिक आहे. पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच चिऊसमोर मांडी घातली. तिची जागा खिडकी आणि पंख्यापासून दूर, बाईंच्या समोर केली. मागून हात धरायचा नाही, समोर जाऊन बोलवायचं, असं मावशींनाही सांगितलं. गाण्यांना हातवारे आले. खुणा शिकवल्या तर मूल बोलणारच नाही अशी आईला धास्ती होती. उलट असतं: खूण हाती आली की चिडचिड कमी होते आणि शब्द खुणेचा हात धरून येतात. चिऊची पहिली वर्गातली खूण होती 'अजून'. खिचडीसाठी.

पालकसभा

चावण्यामुळे दोन पालकांनी लेखी तक्रार केली होती. "अशा मुलांची वेगळी शाळा असते ना?" हा प्रश्न आला, आणि एका आईने हळूच विचारलं, "आमच्या मुलांना काही होणार नाही ना?" मला राग आला नाही. विचारलं हे बरं झालं. न विचारता मुलं लांब ओढली जातात तेव्हा जास्त त्रास होतो. हा आजार नाही, लागत नाही, जन्मापासूनची ठेवण आहे, हे सांगितलं. वेगळ्या शाळा आहेत, ठाणे महापालिकेची 'जिद्द' आहे, वाशीला नवी मुंबई महापालिकेचं ईटीसी हे दिव्यांग मुलांच्या शिक्षण-प्रशिक्षणाचं केंद्र आहे, आणि काही मुलांना त्यांचा फार आधार असतो. पण तो निर्णय मुलाच्या गरजेने व्हावा, गटाच्या अडचणीने होऊ नये. 2016 चा दिव्यांग हक्क कायदाही मान्यताप्राप्त शाळांना भेदभाव न करता प्रवेश द्यायला सांगतो, आणि लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वयात जवळच्या शाळेत मोफत शिकण्याचा हक्क देतो. एवढं बोलून मी खाली बसले, कारण चिऊच्या आईला बोलायचं होतं.

त्या म्हणाल्या, "ती चावली, त्याबद्दल मी माफी मागते. तिला तुमच्या मुलांची हाक ऐकूच जात नव्हती. आम्हालाही माहीत नव्हतं." मग त्यांनी सगळ्यांना कानांवर हात घट्ट दाबायला सांगितले आणि तोंडासमोर पुस्तक धरून एक सूचना दिली. कोणालाच कळली नाही. सूचना होती, 'उजवा हात वर करा.'

मुलांचा प्रश्न वेगळाच होता. मी गटात बसून चिऊच्या कानांबद्दल सांगत होते, तेव्हा एक मुलगा म्हणाला, "पण ती बाळ आहे का?" मी विचारलं, तुला का वाटतं? "सगळे तिला उचलतात." खरंच होतं. दोन मुली तिची चप्पल काढायच्या, तिसरी डब्यातला घास भरवायची, मावशी दप्तर अडकवायच्या. चिऊला हे सगळं स्वतः येत होतं, घरी ती करत होती. आम्ही मोठे चावण्याच्या मागे लागलो होतो आणि तिकडे प्रेमापोटी तिची कामं एकेक करून काढून घेतली जात होती. मला हे चावण्याइतकंच गंभीर वाटतं. 'बिच्चारी' म्हणणारा माणूस वाईट नसतो, पण त्याच्या हाताखाली मूल लहानच राहतं. दुसऱ्या दिवसापासून ठरलं: चिऊची चप्पल चिऊ काढेल, आणि सगळ्यांना चटया वाटायचं कामही तिचंच. चप्पलेला वेळ लागायचा. बाईंनी तो वेळ दिला.

त्यानंतर

डिसेंबरच्या तपासणीत डावा कान मोकळा झाला होता, उजव्यात पाणी तसंच होतं. फेब्रुवारीतही तसंच दिसल्यावर उजव्या कानात नळी बसवली. भूल देण्याआधी हृदयाच्या आणि मानेच्या दृष्टीने डॉक्टरांनी वेगळी काळजी घेतली. या मुलांच्या मानेचे वरचे सांधे सैल असू शकतात, हे भूल देणाऱ्याला आठवणीने सांगावं.

चावणं दिवाळीनंतर जवळजवळ थांबलं, पूर्ण नाही. फार गोंगाट झाला की ती अजून उठून जाते, पण आता बाईंना खूण करून जाते. मार्चपर्यंत शब्द पन्नासच्या वर गेले. अनेक अस्पष्ट आहेत, ओळखीच्या माणसालाच कळतात, त्यावर काम चालू आहे. वर्गातली मुलं तिच्या आधीच मोठ्या वाक्यांत बोलत होती आणि ते अंतर कानांनी पडलेलं नव्हतं. ते राहील, हे आईला माहीत आहे. स्टिकरचा तक्ता मी काढून टाकला. चित्रांचं वेळापत्रक ठेवलं, कारण ते बाकीच्या एकवीस मुलांनाही हवं होतं.

बाईंनी प्रवेशाच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवला आहे: कान शेवटचे कधी तपासले? सगळ्या मुलांसाठी.

यंदा जूनच्या पहिल्या पावसात आईचा फोन आला. "ताई, कालपासून नाक गळतंय. बोलावलं की लगेच वळत नाही. हट्ट असेल का?"

"सोमवारी दाखवू," मी म्हटलं. "तोवर समोर बसून बोला."

"आजी बसल्यात," त्या म्हणाल्या.